आईचं नाव मानसी, मुलीचं मानवी, फार घोळ होईल का?

मानसी_इंदूर
नमस्कार मंडळी. रविवारी बारसं आहे आणि घरात नावावरून रोज महाभारत चालू आहे म्हणून इथे विचारून राहिले. मुलगी झालीये, आज आठवा दिवस. गुरुजींनी पत्रिका मांडून सांगितलं मघा नक्षत्र, पहिलं चरण, अक्षर मा. झालं, नणंदबाईंनी (आत्याचा मान त्यांचाच ना) तिथल्या तिथे जाहीर केलं, मानवी! देवेंद्रलाही एकदम पसंत, "मानसीची मानवी, मस्त जमतंय", आणि पेढ्यांच्या डब्यावरच्या स्टिकरचं डिझाइनसुद्धा कोणाला तरी पाठवून मोकळा. मला नाव वाईट वाटत नाही पण एकच अक्षर वेगळं हो. आमचं घर दोन मजली, खाली सासू-सासरे, वर आम्ही, सगळा कारभार जिन्यातून हाका मारून चालतो आणि सासऱ्यांना ऐकायला कमी येतं. मी बोलले तर म्हणतात बाळंतिणीने इतका विचार करू नये. तुमच्याकडे कोणाचं आईवडिलांच्या नावासारखं नाव आहे का? खरंच त्रास होतो की मीच उगाच करतेय?

रामबागची_काकू
अगं पहिले अभिनंदन, आणि डोक्याला पदर बांधून बस, फोन कमी बघ. आता मुद्दा. आमच्या माहेरी तीन पिढ्या अशी एकासारखी एक नावं होती आणि कध्धी घोळ झाला नाही, कारण नावाने हाक मारायचंच कोण? आई वडिलांना "अहो" म्हणायची, आम्ही अण्णा म्हणायचो, आजी त्यांना बाळ म्हणायची, ते साठ वर्षांचे झाले तरी बाळच. मोठ्या भावाला तर आजोबांचंच नाव ठेवलेलं, पण आईला सासऱ्यांचं नाव तोंडातून काढायची चोरी, म्हणून तो जन्मभर नाना. माझं स्वतःचं लग्नात नाव बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं आणि ते ताटातच राहिलं, घरात मी सगळ्यांची वहिनी. आता तुमच्यात नवरा बायकोला नावाने, बायको नवऱ्याला नावाने, सासरेसुद्धा सुनेला नावाने (चांगलंच आहे ते, मी तक्रार करत नाहीये). पण म्हणूनच नाव आता खरोखर वापरात येतं, दिवसातून पन्नास वेळा. तेव्हा तू उगाच काही करत नाहीयेस.

लष्करवाला_ग्वाल्हेर
आमच्या गावाला विचारा. आमचे शिंदे महाराज, जयाजीराव आजोबा आणि जिवाजीराव नातू, मधे माधवराव, आणि मग जिवाजीरावांचा मुलगा परत माधवराव. बाड्यावर जयाजी चौक, दवाखाना जयारोग्य आजोबांच्या नावाचा, युनिव्हर्सिटी जिवाजी नातवाच्या नावाची. बाहेरून आलेला पाहुणा हमखास जयाजी युनिव्हर्सिटी म्हणतो आणि आम्ही हमखास दुरुस्त करतो. तुमचे होळकर पण काही कमी नाहीत, मल्हाररावांचा नातू मालेराव, नंतर तर तुकोजी यशवंत, तुकोजी यशवंत, नंबर लावल्याशिवाय कळत नाही कोण कुठला. पण बघा, राजेरजवाड्यांत आजोबा-नातू चालायचं, आजोबा बहुतेक गेलेले असायचे. तुमच्याकडे दोघी एकाच जिन्यात.

बडोद्याचा_बाप
माझ्या भावाचं नाव हर्षद आणि पुतण्याचं हर्षिल. इथे गुजरातेत महाराष्ट्रासारखंच मधे वडिलांचं नाव लागतं, त्यामुळे शाळेत, बँकेत पूर्ण नाव लिहिलं की गाडी निघून जाते. पण जिथे कोणी पूर्ण नाव लिहायचा कंटाळा केला तिथे मेलो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात दोघांना एकदम ताप, दोघांचं रक्त एकाच दिवशी एकाच लॅबमध्ये दिलं, त्या माणसाने नळ्यांवर नुसतं "एच" आणि आडनाव घातलं. संध्याकाळी रिपोर्ट आला तर पोराचे प्लेटलेट ६२ हजार, वहिनी रडायलाच लागली, आम्ही गाडी काढली, आणि निघता निघता मी कागद परत बघितला तर वरती वय ४१. पोरगा नऊ वर्षांचा! म्हणजे ते भावाचे होते. भावाला ॲडमिट केलं, बरा आहे आता, पण तो अर्धा तास मी विसरलेलो नाही. आणि तुम्हा एमपीवाल्यांकडे तर मधलं नाव लावायची पद्धतच नाही, सरळ नाव आणि आडनाव. म्हणजे दोघी एम. अमुकतमुकच होणार.

आमच्याकडे पण फोईच (म्हणजे आत्याच) नाव पाडते, ओळी झोळी पीपळ पान म्हणत. तेव्हा नणंदेला दुखवू नका, पण तिला हा किस्सा नक्की सांगा.

छप्पनवाला_भिया
वरच्यांशी सहमत. मी नितीन, पोरगा नितिक, बायकोची हौस. समग्रमध्ये (एमपी सरकारची कुटुंबाची नोंद) नाव चढवायला गेलो तर कंप्युटरवर बसलेला पोरगा म्हणे भैया ये तो पहले से चढा हुआ है. मी म्हटलं अरे तो मी आहे. प्रत्येक मेंबरचा ९ आकडी नंबर वेगळा असतो म्हणून बरं, नाहीतर माझंच नाव कापून माझाच पोरगा कुटुंबप्रमुख झाला असता 😄 बाकी घरात काही त्रास नाही कारण मला घरात कोणी हाकच मारत नाही.

कानगोष्टी
मी ऐकण्याच्या मशीनचं काम करतो, म्हणून फक्त कानापुरतं बोलतो. मानसी आणि मानवी यात फरक आहे तो एका स चा आणि व चा. स हा नुसता हवेचा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा सर्वात आधी वरच्या पट्टीतलेच आवाज जातात, म्हणून म्हातारी माणसं म्हणतात "ऐकू येतं पण कळत नाही". सासऱ्यांच्या कानाला मानसी हे मा...न...ई असं पोचत असणार, आणि मानवीसुद्धा जवळपास तसंच. साध्या फोनवर पण हेच, तिथे ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही जातच नाही आणि स चा बराचसा जोर त्याच्या वरती असतो. स्टेशनवरून फोन करून "मानसीला घेऊन ये" म्हणाल तर समोरचा बाळाला घेऊन येईल.

घरी करून बघा. कुकर लावा, मिक्सर चालू करा, आणि कोणालातरी खालून एकदा हे एकदा ते नाव ओरडायला सांगा. सासरे किती वेळा बरोबर ओळखतात ते मोजा. पहिलं अक्षर आणि स्वर दोन्ही वेगळे असतील तर नाव भिंतीपलीकडूनही कळतं. शेवटी दोन्हीकडे "ई" असली की ओढून हाक मारताना तेवढीच ऐकू येते, मानसीईईई, मानवीईईई.

मानसी_इंदूर
कुकरचा प्रयोग केला!! दहा हाका, बाबांनी चार बरोबर ओळखल्या, आणि त्यातली एक नुसती अंदाजाने असं स्वतःच कबूल केलं. देवेंद्रचा चेहरा बघण्यासारखा होता. सगळ्यांचे आभार.

पण आता खरं सांगू का, इथे कोणी मला ओळखत नाही म्हणून लिहितेय. मला हाकांचा घोळ तितका नाही टोचत. अमरावतीला मला सगळे मनू म्हणतात. आई, बाबा, दादा, कॉलनीतला दूधवाला पण. इंदूरला आल्यापासून पाच वर्षांत कोणी मनू म्हटलं नाही, फक्त आईचा फोन आला की. परवा नणंदबाई बाळाला मांडीवर घेऊन "मनू, ए मनू" करत होत्या आणि व्हिडिओ कॉलवर माझी आई पण "मनू उठली का गं" म्हणाली आणि मी "हो" म्हटलं, तर ती म्हणे तू नाही गं, ती. आठ दिवसांच्या पोरीशी काय भांडायचं, पण आत जाऊन रडले मी. 😔

रामबागची_काकू
अगं वेडाबाई, हे पहिलेच लिहायचंस. रडू येतं या दिवसांत, त्याचं काही नाही, पण गोष्ट खरी आहे. मानवीची मनू होणारच, दोन दिवसांत झालीच की. हे नणंदेला सांग, नवऱ्याला तर आधी सांग. बायका समजून घेतात, फक्त बोलावं लागतं.

आणि मा अक्षराचा इतका धाक कशाला? मुळात शास्त्रात नावं एक नसतात, देवतेचं वेगळं, महिन्याचं वेगळं, नक्षत्राचं वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं. नक्षत्राचं मा वरून ठेवा आणि पत्रिकेत राहू द्या, हाक मारायला दुसरं. आत्याने कानात दोन्ही कुर्रर्र करायची, पाठीत धपाटेही दुप्पट मिळतील. जन्मदाखल्याची पण घाई नको, जन्माची नोंद २१ दिवसांत करतात ती नावाशिवाय होते, नाव १२ महिन्यांपर्यंत फी न देता चढवता येतं. स्टिकर छापलेले असतील तर फाडा.

विदिशेची_लेक
मा वरूनच हवं असेल तर मालविका बघ ना! कालिदासाच्या नाटकातली मालविका मुळातली विदर्भाची राजकन्या, आणि येऊन राहिली कुठे तर आमच्या विदिशेला, राजा अग्निमित्राकडे. तू अमरावतीची, आलीस माळव्यात. तुझ्यासाठीच ठेवलंय ते नाव. आणि मनू होण्याचा प्रश्नच नाही.

छप्पनवाला_भिया
नाव सुंदर पण मराठीत फोड करून बघा, माल विका. सासऱ्यांचं दुकान असेल तर बोर्डावर पण चालेल 😂 आणि इथल्या हिंदी शाळेत पोरं "माल" चं काय करतील ते मी इथे लिहीत नाही. नाव ठेवताना हिंदीत ओरडून बघायचं, इंदूरचा नियम आहे हा.

मानसी_इंदूर
उशिरा अपडेट देतेय, माफ करा, बारसं झालं, झोप नाही.

नणंदबाईंना मी रडत रडतच सांगितलं आणि त्यांनी मला जवळ घेतलं, मला वाटलेलं चिडतील. पत्रिकेत मालविका (सासरे हसून हसून लाल झाले, त्यांचं खरंच दुकान आहे सराफ्यात, पण म्हणाले पत्रिकेतच ठेवा), आणि हाक मारायला रेवा. हे सासूबाईंनी सुचवलं, म्हणाल्या इंदूरच्या नळाला इतक्या लांबून नर्मदेचं पाणी येतं, त्यावर वाढणार पोर, मग रेवाच. सगळ्यांना पटलं. नणंदबाईंनी दोन्ही नावं कानात सांगितली, घुगऱ्या वाटल्या, बाळ पूर्ण वेळ झोपलेलं. मानसी आणि रेवा, एक अक्षर पण सारखं नाही, कुकर लावून परत प्रयोग केला, बाबा दहापैकी दहा.

बडोद्याचा_बाप
वा! अभिनंदन. फक्त एक शंका, देवेंद्ररावांना घरी काय म्हणतात?

मानसी_इंदूर
देवा 🤦‍♀️
आज सकाळी सासूबाईंनी पाळण्याशी उभं राहून "रेवाऽऽ" केलं आणि बाथरूममधून आवाज आला, "आलो गं आई, दोन मिनिटं!"