मदत हवी आहे: फवारणीचं औषध अंगावर सांडलेल्याला उचलणाऱ्याने स्वतःला कसं जपायचं?

देवगडजवळ आमची हापूसची बाग. मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी चालू आहे, त्यातलं एक औषध ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे विषारी कीटकनाशकांच्या एका गटातलं. ते कातडीतूनही भिनतं, म्हणून कपडे उतरवून साबणपाण्याने धुवायचं, उलटी करवायची नाही, डबा सोबत न्यायचा, हे गड्यांना सांगून झालंय. (तरी उलटीसाठी मीठपाणी पाजायचा हट्ट काही सुटत नाही.) १०८ला फोन करूच, पण बागेपर्यंत गाडी येत नाही, रस्त्यापर्यंत उचलूनच न्यावं लागेल.

प्रश्न उचलणाऱ्यांचा आहे. भिजलेले कपडे, ओकारी सगळं त्यांच्याच अंगावर येणार. दवाखान्यात वापरतात तसले पातळ नायट्राइल (एक प्रकारचं रबर) हातमोजे आहेत. ते दुहेरी घालून भागेल, की जाड, कोपरापर्यंतचेच हवेत? आणि श्वास थांबला तर थेट तोंडाने फुंकण्याऐवजी श्वास देण्यासाठीचा झडपेचा मास्क वापरावा, की नुसती छाती दाबत राहावं?