चप्पल निसटायला लागली तेव्हा

'जीबीएस झालेल्याच्या घरी जाऊ नका' असं काही जण सांगतात, ते काही पटलं नाही. जीबीएस म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पसरतो तो जुलाब घडवणारा जिवाणू, कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी, दूषित पाण्यातून नाहीतर अर्धकच्च्या चिकनमधून. त्याच्या आवरणावरच्या साखरेची ठेवण आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड या साखर जोडलेल्या स्निग्ध पदार्थासारखी, म्हणून त्याच्यासाठी बनलेल्या अँटिबॉडी आपल्याच नसांवर तुटून पडतात.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसची साथ आली, तेव्हा आमच्या काकांचे जुलाब थांबून १० दिवस झाले होते. सगळे निर्धास्त. मग चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, त्यांना पत्ताही नसायचा. दोन दिवसांत जिना चढवेना. जुलाबानंतरचे १ ते ३ आठवडेच खरे जपायचे, हे कुणी सांगतच नाही. आणि हो, टँकरचं पाणी दिसायला अगदी नितळ होतं.