‘ॲडजुव्हंट’ला पूरक म्हणावं की सहायक?

प्रश्न: जीवाणूजन्य मेनिंजायटिसमधल्या (मेंदूच्या आवरणाच्या दाहातल्या) ‘ॲडजुव्हंट’, म्हणजे मुख्य औषधाच्या जोडीला दिलेल्या, उपचारांवरच्या एका लेखाचा गोषवारा मराठीत करतेय. प्रयोग ससे आणि उंदरांवरचे. आधी ‘मेंदूज्वर’ लिहिलं आणि खोडलं, कारण त्याने एन्सेफलायटिस, म्हणजे खुद्द मेंदूचा दाह, डोळ्यांपुढे येतो. ‘मस्तिष्कावरणदाह’ ठेवलाय, जीभ अडखळली तरी. ॲडजुव्हंटला ‘पूरक’ चालेल?

— पूरक नको. ‘पूरक उपचार’ म्हटलं की वाचक थेट पर्यायी पद्धतींकडे जातो. मूळ लॅटिन क्रियापद ‘मदत करणे’ या अर्थाचं आहे, तेव्हा ‘सहायक’. (‘सहाय्यक’ नव्हे! सहायक किंवा साहाय्यक.)

— आयुर्वेदातलं ‘अनुपान’ का नको? तेही औषधासोबतच घेतात.

— अनुपान औषधाला वाहून नेतं. इथे नेमकं उलटं. प्रतिजैविक जीवाणू फोडतं, त्यांच्या भित्तिकेचे तुकडे मेंदूभोवतीच्या द्रवात सांडतात आणि दाह भडकतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तो दाह आवरतं. म्हणून ते प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी किंवा तिच्यासोबतच द्यायचं. जीवाणू मारायला त्याची काडीचीही मदत नाही. सशांमध्ये तर त्याने व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा त्या द्रवातला शिरकाव कमी केला. वाहन कसलं, नाकाबंदीच ती!

म्हणून मला ‘सहायक’ही खटकतो. तो शब्द मदतीची हमी देऊन बसतो. 2002 मध्ये प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यू घटले. पण उंदरांच्या पिल्लांमध्ये त्यानेच हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागातल्या) पेशींचा मृत्यू वाढवला. प्रयोग होतो तो मदत होते का हे बघायलाच. आणि कधी जोडीला दिलेलं औषध स्वतःच प्रतिजैविक असतं. डॅप्टोमायसिन जीवाणू मारतं पण फोडत नाही, म्हणून ते सेफ्ट्रायॅक्सोन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या जोडीला देऊन पाहिलंय. यात सहायक कोण आणि साहेब कोण?

माझं मत ‘जोडउपचार’. प्रतिजैविकाला डेक्सामेथासोनची जोड, हे बोलण्यातही सहज येतं.

— लशीतल्या ॲडजुव्हंटलाही जोड म्हणायचं?

— नाही. तिथे ॲल्युमिनियमचे क्षार प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद वाढवतात, इथे तो आवरायचा असतो. लशीसाठी ‘प्रतिसादवर्धक’ बरा. इंग्रजीने एका शब्दात भागवलं म्हणून आपण का भागवावं?

— ‘जोडउपचार’ घेतला. वाक्य असं झालं: “उंदरांच्या पिल्लांना सेफ्ट्रायॅक्सोनसोबत जोडउपचार म्हणून डॅप्टोमायसिन दिले.” एक शब्द की दोन?

— एकच. जोडधंद्यासारखा.