मदत हवी आहे: कॉलेज लॅक्रॉस – रँकिंग 13 वं, तरी प्लेऑफची खात्री नाही? हे गणित कुणी समजावेल का?

गोलीची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांतली सगळ्यात वरची पातळी) संघात लॅक्रॉस खेळतो, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. तो गोली, म्हणजे गोलरक्षक आहे. (हो, तोच खेळ जो 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर येतोय. त्या निर्णयावर शिक्कामोर्तब ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईतच झालं. हे मी सासरी सगळ्यांना सांगून झालंय, आता इथे सांगते.)

अडचण अशी आहे. काल रात्री कॉन्फरन्सच्या (म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या) सेमीफायनलमध्ये आमचा संघ एका गोलने हरला. 9 विजय, 5 पराभव. सोमवारी प्रशिक्षकांच्या मतांवरची जी यादी (पोल) आली तिच्यात आम्ही 13 वे होतो. देशपातळीच्या स्पर्धेत (प्लेऑफमध्ये) 18 संघ घेतात म्हणे. माझ्या साध्या हिशेबाने 13 हा आकडा 18 पेक्षा लहान आहे, म्हणजे झालं की! पण मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "आई, पोलचा काही संबंध नसतो, आता रविवारपर्यंत विचारू नकोस." आणि ठेवला. दोन्ही मांड्यांवर चेंडूएवढे काळेनिळे डाग घेऊन बसलाय, त्याला आणखी छेडवत नाही.

शिवाय उद्या सांगलीहून आई-बाबा येतायत. नातवाची मॅच बघायची म्हणून बाबांनी मुद्दाम मे महिना निवडला. तर प्रश्न तीन. पोलचा संबंध नसेल तर कशाचा असतो? आमचे चान्सेस किती? आणि तिकिटं, हॉटेल आत्ता बुक करू का?

सिराक्यूजचा_आप्पा

ताई, मुलगा बरोबर बोलतोय. प्रशिक्षकांचा पोल, पत्रकारांचा पोल, ही सगळी पारावरची चर्चा. निवड समितीच्या टेबलावर ते कागद नसतात. तिथे मुख्य आकडा असतो आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स).

त्याचा हिशेब तीन भागांत आहे. तुमच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला वजन फक्त 25 टक्के. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या विजयांच्या प्रमाणाला 50 टक्के (तुमच्याशी झालेला सामना त्यातून वगळून). आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला उरलेले 25. म्हणजे तीन चतुर्थांश पेपर दुसऱ्यांनी लिहिलेला असतो.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. तुमचं 9-5 म्हणजे 0.643. समजा तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचं प्रमाण 0.600 आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं 0.540. बेरीज येते 0.596. आता दुसरा एक संघ 12-2 आहे, 0.857, पण खेळला लिंबूटिंबूंशी: 0.450 आणि 0.500. त्याची बेरीज 0.564. बारा सामने जिंकूनही तो तुमच्या मागे!

त्यानंतर समिती बघते की आरपीआयमधल्या वरच्या संघांपैकी किती जणांना हरवलंत, खालच्या कुणाकडून हरलात का, समोरासमोर काय झालं, सामायिक प्रतिस्पर्ध्यांशी काय झालं. मार्चमधल्या थंडीतला एखादा गचाळ पराभव मे महिन्यात बाहेर निघतो तो इथे.

गोलीची_आई

काका, धन्यवाद! आकडा शोधला. आरपीआयमध्ये आम्ही 15 वे. तरीही 18 च्या आतच ना?

सिराक्यूजचा_आप्पा

नाही ना! 18 जागा खुल्या नसतात. कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश असतो, मग त्यांचा आरपीआय 30 असो की 40. 2022 चं उदाहरण देतो: 18 पैकी 10 जागा अशा विजेत्यांच्या, समितीच्या हातात उरल्या 8. बलाढ्य विजेते थेट प्रवेशाच्या यादीत आणि आरपीआयच्या वरच्या यादीतही असतात हे धरलं तरी 15 वा म्हणजे उंबरठ्यावर. एक पाय आत, एक बाहेर. याला इथे बबल म्हणतात.

त्याच 2022 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाचं काय झालं ते बघा. सुरुवात 2-4, मग सलग सहा विजय, शेवट 8-4. पोलमध्ये ते चांगले वर होते. त्यांच्या एसीसी कॉन्फरन्समध्ये तेव्हा पाचच संघ, त्यामुळे विजेत्याला थेट प्रवेशच नव्हता. समितीने त्यांना घरी बसवलं. आणि आयव्ही लीग या दुसऱ्या कॉन्फरन्सच्या सातपैकी सहा संघ आत! त्यावरून इथे जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. पुढची दोन्ही वर्षं, 2023 आणि 2024, विजेतेपद कुणी नेलं? नोत्र दामने.

कोथरूड_ते_कनेक्टिकट

मी नेहमी म्हणतो, हे चूक आहे. वर्षभर मैदानावर उभे राहणारे प्रशिक्षक मूर्ख, आणि एक्सेलची शीट शहाणी? संघ एप्रिलमध्ये कसा खेळतोय हे आरपीआयला कळतच नाही. फेब्रुवारीतला विजय आणि परवाचा विजय सारखाच मोजतात.

सिराक्यूजचा_आप्पा

प्रशिक्षक मूर्ख नाहीत हो, पण शनिवारी स्वतःची मॅच असताना बाकीच्या सत्तरेक संघांच्या मॅचेस बघतो कोण? मग गेल्या आठवड्याची यादी घ्यायची, हरलेल्याला दोन पायऱ्या खाली, जिंकलेल्याला दोन वर. मोठ्या नावाला मात्र कुणी पटकन खाली ढकलत नाही. आरपीआय आंधळा आहे हे मान्य, पण निदान नाव बघून झुकत तरी नाही.

बाल्टिमोरच्या ताईंना हे जवळचं वाटेल: जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ 1972 ते 2012 सलग 41 वर्षं या स्पर्धेत होतं. 2013 ला ते 9-5 होते, अगदी तुमच्यासारखेच. तेव्हा ते कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हते, त्यामुळे थेट प्रवेशाचा रस्ताही नव्हता. राहिले बाहेर. एवढं मोठं घराणं, पण उपयोग झाला नाही.

कोथरूड_ते_कनेक्टिकट

हॉपकिन्सचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर आपलं जमणार नाही. :)

डबा_घेऊन_येतो

तिकिटांबद्दल सांगतो, आमची लेक तीन वर्षं या चक्रातून गेली (तिचा महिलांचा संघ, पण धावपळ तीच). आत्ता काहीही बुक करू नका. रविवारी रात्री टीव्हीवर नावं जाहीर होतात. पहिल्या आठ संघांनाच मानांकन असतं आणि पहिली फेरी त्यांच्या घरच्या मैदानावर. तुम्ही आलात तरी पाहुणे म्हणूनच जाणार. विमानप्रवास कमी पडावा म्हणून जोड्या शक्यतो जवळपासच्या लावतात, त्यामुळे गाडीने जाता येईल अशी आशा ठेवा. हॉटेल घ्यायचंच तर फुकट रद्द करता येणारं. सेमीफायनल आणि फायनल मेमोरियल डेच्या (मे अखेरच्या सुट्टीच्या) वीकेंडला असतात, त्याचा विचार आत्ता करायचा नाही, दृष्ट लागते.

आणि आई-बाबांसाठी घडीच्या खुर्च्या, टोप्या आणि छत्री गाडीत आत्ताच टाकून ठेवा. मे महिन्यात एकाच सामन्यात ऊन आणि गारठा दोन्ही मिळतं.

गोलीची_आई

खुर्च्या टाकल्या. पण मग आता रविवारपर्यंत आमच्या हातात काहीच नाही का?

सिराक्यूजचा_आप्पा

तुमच्या हातात नाही, पण दुसऱ्यांच्या हातात भरपूर आहे. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईसाठी आपण कागद-पेन घेऊन बसतो, तसं बसा. दोन गोष्टी बघायच्या. एक, तुम्ही यंदा ज्यांच्याशी खेळलात ते सगळे जिंकू देत. तुम्हाला ज्यांनी बदडलं तेसुद्धा. ते जिंकले की तुमचा 50 टक्क्यांचा भाग वर सरकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बाकीच्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ज्याची निवड तशीही पक्की आहे तो बलाढ्य संघ जिंकायला हवा. तो हरला आणि भलताच कुणी जिंकला, तर भलता थेट प्रवेशाने आत जातो आणि बलाढ्य तुमच्या मोजक्या जागांपैकी एक खातो. असल्या संघाला इथे बिड (म्हणजे प्रवेशाची जागा) चोरणारा म्हणतात. बरं, छोट्या कॉन्फरन्सचा विजेता आला म्हणून नाकं मुरडू नका हं. 2022 ला डेलावेअर तसाच आला होता आणि त्याने दुसऱ्या मानांकनाच्या जॉर्जटाउनला 10-9 असं घरी पाठवलं.

गोलीची_आई

आई-बाबा पोचले. अजून जेट लॅगमध्ये आहेत, पण बाबा दुपारपासून टीव्हीसमोर बसलेत. आत्ता चाललीय ती दुसऱ्या एका कॉन्फरन्सची फायनल. यातल्या पांढऱ्या जर्सीवाल्यांनी मार्चमध्ये आम्हाला सहा गोलने धुतलं होतं. त्या दिवशी लेक बसमध्ये कुणाशी बोलला नव्हता, आणि मी त्यांच्या कोचला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. आज तेच बलाढ्य, तेच आमचे प्रतिस्पर्धी, म्हणजे आप्पाकाकांचे दोन्ही नियम एकाच संघाला लागू! तिसऱ्या क्वार्टरमध्ये ते एकाने मागे आहेत आणि मी सोफ्यावरून उठून त्यांच्या नावाने ओरडतेय.

एवढ्यात बाबांनी विचारलं, "आपला बाळ यातला कुठला गं?" म्हटलं, "बाबा, तो यात नाहीच." त्यांनी चष्मा काढून आधी टीव्हीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आता त्यांना आरपीआय समजावतेय. रात्री नावं आली की इथे लिहिते.