बुढे लस नको म्हणतात, की लसच त्यांच्यापर्यंत येत नाही?

आर्वीकर: कालची पोस्ट वाचली: "विदर्भातल्या खेड्यांतले म्हातारे अडाणी आहेत, अफवा ऐकून फ्लूची लस टाळतात." डोकं फिरलं म्हणून लिहितो. याच बुढ्यांनी कोविडची लस शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून घेतली. ती गावात आली होती, फुकट होती, आशाताई दारात येऊन सांगून गेली होती. फ्लूच्या लशीला तालुक्याला जा, दीड-दोन हजार मोजा, तेही दरवर्षी, कारण विषाणू रूप बदलतो. श्रावणबाळचे महिन्याला १,५०० मिळतात. एका सुईत महिना संपला. याला अडाणीपणा म्हणता?

धारणी लाइन: रांग लावून? मेळघाटात २०२१ मध्ये भीतीनं कोविडचं लसीकरण रखडलं होतं, तिथल्या कोरकू बोलीतून समजवावं लागलं. भीती असतेच, साहेब. सगळं पैशावर ढकलू नका.

पोस्टकर्ता: तेच म्हणतोय. शिवाय "लस घेतली तरी सर्दी झालीच" हे पालुपद.

आर्वीकर: होणारच. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, ही लस इन्फ्लूएन्झापुरती. नीट जुळली तरी साधारण ४० ते ६० टक्के काम करते, म्हातारपणी त्याहून कमी. हे आधीच सांगा. "घेतली की काही होत नाही" असं सांगून टोचली, तर पुढच्या वर्षी तो माणूस दारात उभं करणार नाही. दमा, साखर, हृदयविकार असलेल्याला न्यूमोनिया होऊन भरती व्हायची पाळी कमी येते, एवढंच खरं, आणि तेवढं पुरेसं आहे.

माळकरी आजीनं "अंड्यात वाढवतात का?" विचारलं, तर हो म्हणा. खोटं बोलू नका.

राळेगाववाला: हे सगळं ठीक आहे बाप्पा, पण मले सांगा, आणायची कशी? पावसाळ्यातल्या साथीआधी टोचायची, अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे घ्यायची मे महिन्यात. मे महिन्यात इथं पारा ४५ ला! अन् हातातला पैसा बी-बियाण्यात. वादळ आलं की गावठाण फिडर, म्हणजे गावची वीज, रातभर बंद. कोणत्या फ्रीजवर भरोसा ठेवू?

मेडिकलवाला, हिंगणघाट: २ ते ८ अंश पाहिजे. फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथं तापमान वरखाली होतं. बर्फाच्या कप्प्याला चिकटवली तर गोठते, आणि गोठलेली फेकायचीच. एसटीनं नेताना बर्फाचे पॅक डीप फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात घालू नका. हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत बाहेर ठेवा, मग घाला. लस कागदी खोक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत, पॅकला टेकू न देता.

धारणी लाइन: गोठली का ते शेक टेस्टनं कळतं. हलवून ठेवा, गाळ लवकर बसला तर बाद.

मेडिकलवाला, हिंगणघाट: चूक! ती टेस्ट अ‍ॅल्युमिनियमवाल्या लशींची, धनुर्वात, कावीळ-बी वगैरे. फ्लूच्या नेहमीच्या लशीत अ‍ॅल्युमिनियम नसतं, गाळाचा प्रश्नच नाही. गोठून वितळलेली सिरिंज चांगल्यासारखीच दिसते. अर्धवट माहिती देऊन म्हाताऱ्यांच्या दंडात पाणी टोचायला लावाल.

धारणी लाइन: बरं, सरकार. पदवी दाखवून झाली असेल तर मुद्द्यावर या.

राळेगाववाला: मुद्दा हाच आहे! खराब निघाली तरी कळणार नाही, मग बुढीनं दोन हजार काहून घालावे?

मेडिकलवाला, हिंगणघाट: म्हणून घरी नेऊच नका. जिथं थर्मामीटर लावलेला फ्रीज अन् इन्व्हर्टर आहे, तिथंच टोचून घ्या. खोक्यावर चालू साल आणि दक्षिण गोलार्ध लिहिलंय का बघा. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्याआधी तीच लस, ती एप्रिल-मेच्या सुमारास येते. गेल्या साली उरलेला माल स्वस्तात देतो म्हटलं तर घेऊ नका. सुई डाव्या दंडात, एक-दोन दिवस दुखतो, निंदणाच्या ऐन घाईत नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, टोचल्यावर जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही. ताप असेल तर उतरू द्या. आणि न्यूमोनियाची लस वेगळी, ती दरवर्षी नसते.

पोस्टकर्ता: बरं, "अडाणी" शब्द मागे घेतो. खूश? पण सलाईन आणि ताकदीच्या इंजेक्शनला पैसे निघतात, ते कसे?

आर्वीकर: ते उधारीत मिळतं, गावातच मिळतं, आणि संध्याकाळी बरं वाटतं. लशीचं काम दिसत नाही. तुम्हीच सांगा, न झालेला आजार कोणाला दाखवणार?

मेडिकलवाला, हिंगणघाट: दहा जणांनी मिळून एप्रिलमध्ये नोंदणी केली तर एकाच दिवशी मागवून त्याच दिवशी टोचता येते. दमेकरी आणि साखरवाले आधी.

राळेगाववाला: दहा जणांचे पंधरा-वीस हजार आगाऊ कोण भरन? तुमी?