डाउनलोड करताना ब्राउजर सारखं विचारायलंय, हे सगळं एकदाच बंद करता येतं का?

सेलूकर_सेवा

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यात माझं ऑनलाईन फॉर्मचं केंद्र आहे, दोन कॉम्प्युटर आहेत, एक मी बघतो अन् एक भाचा. सध्या पीकविमा अन् कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी एकदमच आली, सकाळी शटर उघडायच्या आत पंधरा-वीस माणसं ओट्यावर बसलेली असतात. अन् ह्या गर्दीत ब्राउजर लई अडवायलंय बगा. ७/१२ डाउनलोड केला की कुठं ठेवू म्हणून खिडकी उघडती. दुसरीकडं पीडीएफवर क्लिक केलं की ती डाउनलोड न होता तिथंच टॅबमधी उघडती. एका पोर्टलवरून एकामागं एक चार-पाच पावत्या काढाव्या लागतात, तिथं काल अलाऊ का ब्लॉक असं काहीतरी आलं, घाईत भाच्यानं ब्लॉक दाबलं, तवापासून पहिली पावती उतरती अन् दुसरीला काहीच होत नाही, एरर पण येत नाही. एक्सेल उघडली की वर पिवळी पट्टी. अन् परवा अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन चालवायचा प्रोग्रॅम, टाकायला गेलो तर निळा पडदाच आला, 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' म्हणून, पुढं जायचं बटणच दिसंना.

ओळखीच्या एकानं सांगितलं की क्रोमच्या सेटिंगमधी सेफ ब्राउजिंगला 'नो प्रोटेक्शन' करून टाका, सगळी कटकट संपती. करू का? माणसं ताटकळत बसलेली असतात, एकेका फाईलला चार-चार वेळा यस-नो दाबून बेजार झालोय. भाच्याच्या मशीनवर विंडोज ७ आहे, माझ्याकडं १०.

नांदेडचा_मेकॅनिक

दादा, 'नो प्रोटेक्शन' करू नका. हे आधी सांगतो, बाकीचं मग.

तुम्ही जेवढ्या गोष्टी लिहिल्यात त्यातली एकबी त्या सेटिंगनं बंद होत नाही. कुठं ठेवू ते विचारणारच, पिवळी पट्टी येणारच, पावत्या अडकलेल्याच राहणार. बंद काय होईल तर फक्त ती सूचना, जी खरोखर वाईट फाईल आली तर ब्राउजर देतो. म्हणजे कटकट जशीच्या तशी अन् कुलूप मात्र काढून ठेवलं.

माझ्याकडं दुकानात रिपेअरिंगला येणाऱ्या गिऱ्हाईकाला मी एकच सांगत असतो, ब्राउजर दोन जातीचे प्रश्न विचारतो. एक 'कुठं ठेवू, कशात उघडू', हा सोयीचा प्रश्न, तुम्हाला पायजे तसा लावून घ्या, त्यानं काही बिघडत नाही. दुसरा 'ही खरंच घ्यायची का', हा बंद करायचा नसतो, वाचायचा असतो. दोन्ही खिडक्या दिसायला सारख्याच दिसतात म्हणून माणूस दोन्हीला एकाच हातानं ओके मारतो, घोटाळा होतो तो तिथंच.

आता तुमचं एकेक. क्रोममधी उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, डाउनलोड्स, तिथं 'आस्क व्हेअर टू सेव्ह ईच फाईल बिफोर डाउनलोडिंग' आहे, ते बंद केलं की खिडकी येणार नाही. पीडीएफसाठी प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साईट सेटिंग्ज, खाली ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज उघडा, त्यात पीडीएफ डॉक्युमेंट्स, तिथं डाउनलोड पीडीएफ निवडा. पावत्यांचं म्हणाल तर त्या पोर्टलवर जाऊन पत्त्याच्या डाव्या बाजूचं चिन्ह दाबा, साईट सेटिंग्ज, ऑटोमॅटिक डाउनलोड्स, तिथं ब्लॉक दिसंल, त्याला अलाऊ करा अन् पान रिफ्रेश मारा. हे फक्त त्याच साईटला लागू होतं, सगळ्यांना उघडं करून ठेवू नका. एक साईट गुपचूप दहा-वीस फायली ढकलू नये म्हणूनच ते विचारणं असतं.

निळ्या पडद्याचं जरा येगळं आहे. विंडोज बघतं की ह्या फाईलवर बनवणाऱ्याची सही आहे का अन् ही फाईल लोकं नेहमी उतरवतात का. ओळख पटली नाही की अडवतं, म्हणजे फाईल वाईटच असती असं नाही. 'मोअर इन्फो' दाबा, पब्लिशरचं नाव दिसतं अन् 'रन एनीवे'चं बटणबी तिथंच येतं. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घेतली अन् नाव जुळतंय तर चालवा. 'अननोन पब्लिशर' असंल अन् फाईल कुठल्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवरून आली असंल तर हात लावू नका.

तुमच्या पोस्टमधी हे नाही म्हणून विचारतो, ड्रायव्हर कुठून घेतला होता?

सेलूकर_सेवा

ग्रुपवरूनच. केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर एकानं झिप टाकली होती. अजून चालवला नाही, आता डिलीटच मारतो.

उदगीरची_ताई

मी एका गोष्टीत उलटं सांगायले. ते 'कुठं ठेवू' विचारणं चालूच ठेवा भाऊ, केंद्रवाल्यांनी तर नक्कीच.

माझं पण केंद्रच आहे. गेल्या खरिपात मी ते बंद करून ठेवलं होतं, सगळं गपकन डाउनलोड्स फोल्डरमधी जायचं. आता पोर्टलवरून उतरलेल्या फायलीचं नाव प्रत्येक वेळी तेच असतं, ब्राउजर नुसतं पुढं कंसात १, २, ३ लावत जातो. त्या दिवशी एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन म्हाताऱ्या आल्या, जावा-जावाच. एकीचा ७/१२ दुसरीच्या अर्जाला जोडला गेला. मला संध्याकाळी पावत्या जुळवताना दिसलं, गट नंबर येगळा होता म्हणून कळलं. एकीला दुसऱ्या दिवशी पावसात परत यावं लागलं, सोयाबीनची खुरपणी सोडून, गाडीला जाऊन-येऊन पैसे घालून. माझ्या दोन सेकंदाच्या घाईचा भुर्दंड तिला पडला, ते अजून मला बोचतं.

तवापासून खिडकी उघडली की तिथंच नाव टाकते, गाव, गट नंबर, आडनाव, नंतर ७/१२ का ८-अ. टाईप करायला काही वेळ लागत नाही. अन् दिवसाच्या तारखेचं एक फोल्डर, काम झालं की त्यातलं आधार अन् पासबुक पुसून टाकायचं. लोकं विश्वासानं कागद देतात, ते आपल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहणं बरं नाही. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमधी अन् जन्मसाल, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे अन् नाव-साल तर बाजूच्याच फॉर्मवर लिहिलेलं असतं.

संभाजीनगर_वेबवाला

ताईंचं बरोबर आहे. मी वेबसाईट बनवायचं काम करतो, एक-दोन गोष्टी आतल्या बाजूनं सांगतो, म्हणजे ब्राउजर असं कामून वागतो ते समजंल.

एक पीडीएफ टॅबमध्ये उघडते अन् दुसरी थेट उतरते ह्यात तुमचा काही दोष नाही. फाईल पाठवताना सर्व्हर सोबत एक चिठ्ठी पाठवतो, त्यात लिहिलेलं असतं की ही दाखव का ही जपून ठेव. शिवाय फाईल कुठल्या प्रकारची हे पण त्या चिठ्ठीतच असतं, अन् काही साईटवाले तिथं पीडीएफ न लिहिता नुसतं 'कसली तरी फाईल' असं लिहून मोकळे होतात, मग ब्राउजरला ती दाखवता येत नाही, तो उतरवूनच घेतो. म्हणून सेटिंग बदलल्यावर पण एखादं पोर्टल आपल्याच तऱ्हेनं वागणार. अन् काही पोर्टलवर तर फाईल नसतेच, नुसतं वेबपान असतं, ते कंट्रोल पी दाबून सेव्ह ॲज पीडीएफ करावं लागतं.

पण इथंच एक लई मोठी चूक होते, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. डिजिटल सहीचा ७/१२, ज्याला १५ रुपये लागतात, तो टॅबमध्ये उघडला असला तर कंट्रोल पी करून पीडीएफ बनवू नका. दिसायला अगदी तसाच दिसतो, सहीचं चित्र पण येतं, पण आतली खरी डिजिटल सही निघून जाते, मग ती फाईल कुठं तपासली तर सही सापडतच नाही. वरच्या पट्टीवरचं खाली बाण असलेलं चिन्ह दाबून मूळ फाईलच उतरवा. क्रोममध्ये ती सही तपासली जात नाही, ॲडोबी रीडरमध्ये उघडली तर प्रश्नचिन्ह दिसतं, त्याचा अर्थ फाईल खोटी असा नाही, त्या कॉम्प्युटरनं सही देणाऱ्याची ओळख अजून मान्य केलेली नाही एवढाच. मी माझ्या वडिलांचा ७/१२ असाच प्रिंटमधून सेव्ह करून पाठवला होता, तो परत आला, तेव्हा हे शिकलो.

आता पिवळी पट्टी. इंटरनेटवरून फाईल आली की विंडोज तिच्यावर 'बाहेरून आली' असा एक न दिसणारा शिक्का मारतं. एक्सेल-वर्ड तो शिक्का बघून फाईल नुसती वाचायला उघडतात, बदल करू देत नाहीत. फाईल खात्रीची असली तर एनेबल एडिटिंग दाबा, किंवा फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक. लाल पट्टी आली तर मात्र थांबा, त्या फाईलमध्ये मॅक्रो आहे म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम आहे, मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून नेटवरून आलेले मॅक्रो अडवायला सुरुवात केली ते उगं नाही.

अन् हा शिक्का पेनड्राईव्हवर टिकत नाही. पेनड्राईव्ह बहुतेक फॅट ३२ किंवा एक्सफॅट ह्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो, त्याच्यात हा शिक्का ठेवायला जागाच नाही. म्हणून गिऱ्हाईकानं पेनड्राईव्हवर आणलेली फाईल काही न विचारता सरळ उघडते. विचारलं नाही म्हणजे चांगली, असं समजू नका.

गेवराईचा_पोरगा

माझं कॉम्प्युटरचं नाही, मोबाईलचं आहे, पण विषय तोच म्हणून लिहायलो.

उन्हाळ्यात लग्नसराईत चुलत्याच्या व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. ओळखीच्याच नंबरवरून. चुलते म्हणले उघडत नाही, बघ रं. मी शेतातून आलो होतो, हात पण धुतले नव्हते, मोबाईल घेतला अन् दाबत गेलो. मोबाईलनं तीनदा विचारलं, हे मला नंतर आठवलं. आधी म्हणलं ही फाईल हानिकारक असू शकती. मग म्हणलं ह्या ॲपला बाहेरचे ॲप टाकायची परवानगी नाही, सेटिंगमधी जा. मी सेटिंगमधी गेलो अन् परवानगी दिली. मग त्या पत्रिकेनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, ती पण दिली. पत्रिकेला मेसेज कशाला वाचायचेत, हा विचारच आला नाही, मला वाटलं मोबाईल उगं अडवायलाय. नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ते ॲप होतं, पत्रिका नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी खत आणायला पैसे काढायला गेले तर खातं रिकामं. ओटीपी येत होते अन् ते ॲप परस्पर वाचत होतं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, तक्रार घेतली, पण आम्हाला कळायलाच एक रात्र गेली होती. १९३० ला जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता आलं तर आलं. चुलते मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दादा, तुमच्याकडं रोज पन्नास माणसं मोबाईल हातात देऊन म्हणत असतील की जरा बघा बरं हे उघडत नाही. तुम्ही उघडून देऊ नका. आधी शेवटची अक्षरं वाचा.

नांदेडचा_मेकॅनिक

भाऊ, वाईट वाटलं वाचून. अन् शेवटची अक्षरं म्हणालात ते कॉम्प्युटरवर पण तितकंच महत्त्वाचं. विंडोज मुळातच ती अक्षरं लपवून ठेवतं. फाईलचं नाव 'पीकविमा यादी पीडीएफ ईएक्सई' असं असंल तर शेवटचं ईएक्सई, म्हणजे तो प्रोग्रॅम आहे हे सांगणारं, दिसत नाही अन् आयकॉन पीडीएफचा लावलेला असतो. विंडोज १० मधी कुठलंबी फोल्डर उघडा, वर व्ह्यू, तिथं 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज ७ ला फोल्डर ऑप्शन्समधी जाऊन 'हाईड एक्स्टेन्शन्स' ची टिक काढा.

अन् सेलूकर दादा, विंडोज ७ चं बघाच. क्रोमची १०९ ही त्याच्यासाठी शेवटची, २०२३ च्या सुरुवातीपासून पुढची आलीच नाही, म्हणजे तिथला ब्राउजर जुनाच राहिलाय. तात्पुरतं फायरफॉक्सची ११५ ईएसआर, म्हणजे जास्त दिवस अपडेट मिळणारी आवृत्ती, टाका, तिला अजून अपडेट येतात का ते आधी बघा, पण ते मशीन आधार-बँकेच्या कामाला वापरू नका. एसएसडी टाकून अन् रॅम वाढवून अजून अपडेट मिळणारं नवं विंडोज चढतंय का बघा, घेऊन आलात तर मी बघून देतो. फायरफॉक्समधी कुठं ठेवू हे सेटिंग्ज, जनरल, खाली फाईल्स अँड ॲप्लिकेशन्समधी आहे, अन् तिथंच खाली यादी दिसंल, कुठली फाईल कशात उघडायची ते एकेकाला लावता येतं.

सेलूकर_सेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. गेवराईच्या भावाचं वाचून भाच्याला जवळ बसवलं अन् त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं.

पावत्यांचं ऑटोमॅटिक डाउनलोड अलाऊ केलं, लगेच पाचच्या पाच उतरल्या. 'नो प्रोटेक्शन' केलं नाही. ड्रायव्हर मशीनच्या कंपनीच्या साईटवरून घेतला, निळा पडदा आलाच नाही. अन् ताई, तुमचं ऐकून 'कुठं ठेवू' चालूच ठेवलं, आज सकाळपासून गावाचं नाव अन् गट नंबर टाकूनच सेव्ह करायलोय, दोनदा चुकीचा माणूस जोडता जोडता वाचला.

डाउनलोड्स फोल्डर उघडून बघितलं तर दोन हजारांवर फायली निघाल्या. आधार, पासबुक, जातीचे दाखले, कुणाकुणाचे फोटो, त्यातली काही माणसं आता हयात पण नाहीत. दुपारच्याला शटर अर्धं खाली घेतलं अन् पुसायला बसलोय. एक विचारायचं, रिसायकल बिन पण रिकामं करावं लागतं ना?

उदगीरची_ताई

व्हय भाऊ, ते पण रिकामं करा. किंवा सिलेक्ट करून शिफ्ट धरून डिलीट दाबा, मग बिनमधी जातच नाही. फक्त आधी ह्या महिन्याच्या विम्याच्या पावत्या बाजूला काढून ठेवा, लोकं त्या मागायला येतात.