पुरात नुकसान झालेले सभागृह व वाचनालय : दुरुस्तीसाठी अनुदान कोठून मिळू शकेल?

गोदाकाठचा विश्वस्त (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीपासून जेमतेम दीडशे पावलांवर, आमच्या सार्वजनिक न्यासाची जुनी दुमजली वास्तू आहे. तळमजल्यावर सव्वाशे श्रोते बसतील एवढे सभागृह व छोटा रंगमंच, त्यामागे वाचनालय आणि माडीवर गायन-वादनाचे वर्ग अशी तिची रचना आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचे कळले आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून येथे पुराची पातळी पाहतात, बुडू लागला, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके वरच्या फळ्यांवर हलवली. २०१६ साली आणि २०१९ साली तेवढ्याने भागले होते. या वेळी सभागृहात साडेचार फूट पाणी चढले आणि ते ओसरायला दीड दिवस लागला.

आज चौथा दिवस आहे. रंगमंचाची लाकडी जमीन फुगून मधोमध उचलली गेली आहे, पडदे कमरेपर्यंत गाळाने जड झाले आहेत आणि त्याच दिवशी वर्गासाठी खाली आणलेल्या दोन बाजाच्या पेट्या व चार तबला-जोड्या पाण्यात होत्या. तबल्याच्या पुडीवरची शाई बोट लावताच चिखलासारखी निघाली, ते पाहून वर्गाच्या गुरुजींनी काही न बोलता तो तबला पुन्हा गवसणीत ठेवला. वाचनालयातील सुमारे दोन हजार पुस्तके भिजली आहेत आणि संस्थेची जुनी हस्तलिखित इतिवृत्ते लोखंडी कपाटाच्या तळाशी होती.

दुरुस्तीचा ढोबळ अंदाज वीस लाखांच्या घरात जातो. न्यासाच्या ठेवी चार लाखांच्या पुढे नाहीत. एका कार्यालयात चौकशी केली असता ‘आम्ही नुकसानभरपाई देत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. आमचा विमा आगीचा असल्याने तिकडे विचारलेले नाही. कलासंस्थांच्या वास्तूंसाठी अनुदान कोठून मिळते, अर्ज कसा करावा आणि आत्ता लगेच काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस (उत्तर)

विश्वस्त महोदय, मी बरीच वर्षे न्यासांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून आधी तातडीची गोष्ट सांगतो. आपला विमा ‘आगीचा’ आहे म्हणून तो बाजूला ठेवू नका. आपल्याकडे ज्याला सरसकट आगीचा विमा म्हणतात त्या पॉलिसीत वादळ, पूर व जलमय होणे ही जोखीम बहुधा समाविष्ट असते. हप्ता कमी व्हावा म्हणून ती कोणी मुद्दाम वगळून घेतली असेल तरच ती नसते. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी एप्रिल २०२१पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली आहे, तिच्यातही पूर आहे. पॉलिसी आजच उघडून पाहा, कंपनीला आजच लेखी कळवा आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत फुगलेली एकही फळी भंगारात देऊ नका.

तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. शासनाची पूरमदत मुख्यतः कुटुंबे, शेती आणि व्यवसाय यांच्यासाठी असते, त्यामुळे न्यासाच्या सभागृहाला त्यातून फारसे काही मिळेल अशी आशा मी आपल्याला लावणार नाही. तरीही पुढे ज्या कोणाच्या दारात आपण जाल तेथे पहिला प्रश्न ‘पंचनामा आहे का?’ हाच असेल. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली आहे तिच्याजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे काढा आणि मगच रंगाऱ्याला बोलवा.

‘नुकसानभरपाई देत नाही’ हे आपल्याला मिळालेले उत्तर तुटक असले तरी खोटे नाही. सांस्कृतिक अनुदाने झालेल्या हानीपोटी मिळत नाहीत. ती पुढे करावयाच्या, नकाशा व अंदाजपत्रक असलेल्या कामासाठी मिळतात. म्हणून वीस लाखांचा एकच आकडा घेऊन फिरू नका, कारण तो कोणत्याच योजनेत बसणार नाही. त्याचे तीन तुकडे करा : वास्तू व रंगमंच, वाचनालय, आणि वाद्ये.

वास्तूसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची सांस्कृतिक पायाभूत सुविधांची योजना आहे. तिच्यातील इमारत अनुदानात मंजूर खर्चाच्या जास्तीत जास्त ६० टक्के केंद्र देते आणि उरलेला वाटा संस्थेला उभा करावा लागतो. मी पाहिलेले बरेचसे अर्ज या उरलेल्या ४० टक्क्यांपाशी अडले आहेत. आपल्या चार लाखांच्या ठेवी आत्ताच साफसफाईत संपवल्यात तर हा वाटा कोठून दाखवणार, याचा विचार विश्वस्त मंडळाने आजच्या बैठकीत करावा. शिवाय रक्कम हप्त्यांनी येते आणि पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे) दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही.

वाचनालयासाठी राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या कोलकात्याच्या या संस्थेच्या समान निधी (राज्याचाही वाटा असलेल्या) आणि असमान निधी (राज्याच्या वाट्याशिवायच्या) अशा दोन प्रकारच्या योजना असून ग्रंथांबरोबरच फर्निचर व इमारत यांनाही त्यांतून साहाय्य मिळते. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जाईल, तेव्हा त्यांना आधी भेटा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गानुसार मिळणारे वार्षिक अनुदान वेतन व ग्रंथखरेदीसाठी असते. ते दुरुस्तीकडे वळवू नका, लेखापरीक्षणात आक्षेप निघेल.

वाद्यांसाठी मी थेट सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांकडे जाईन. कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ज्यांच्यावर सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) नफ्याच्या दोन टक्के खर्च बंधनकारक आहे, त्यांना तो अनुसूची सातमधील कामांवर करता येतो. त्या अनुसूचीत कला, संस्कृती व सार्वजनिक ग्रंथालये हा विषय आहे आणि आपत्तीनंतरचे पुनर्वसन व पुनर्बांधणी हाही आहे, म्हणजे आपले काम दोन्ही शीर्षकांखाली मांडता येते. मात्र त्यासाठी न्यासाकडे प्राप्तिकर खात्याकडील १२अ (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०जी (देणगीदारांना करसवलत) नोंदणी असावी लागते आणि सीएसआर-१ हा असा निधी घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा नमुना भरलेला असावा लागतो. हे काम आजच्या आज होणारे नाही, म्हणून ते उद्याच सुरू करा.

शेवटी एक कळकळीची विनंती. धर्मादाय कार्यालयातील आपल्या न्यासाच्या अनुसूची एकचा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांसह असलेल्या नोंदीचा, ताजा उतारा काढून पाहा. त्यावरील नावे आणि अर्जावर सही करणारे विश्वस्त एकच आहेत ना?

कागदजतन (उत्तर)

मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करते. निधीचे वरील उत्तरात आलेच आहे. मी फक्त त्या लोखंडी कपाटाविषयी लिहिते, कारण तेथे वेळ फार थोडा उरला आहे.

भिजलेल्या कागदावर बुरशी साधारण दोन ते तीन दिवसांत धरते. आज चौथा दिवस आहे, म्हणजे काही वह्यांवर ती दिसू लागली असेल. छापील पुस्तके सध्या राहू द्या आणि सर्व माणसे इतिवृत्तांच्या वह्यांवर लावा. पुरानंतर पुस्तके भेट देणारे पुष्कळ भेटतात, पण आपल्या संस्थेची इतिवृत्ते दुसऱ्या कोणाच्याही घरी नाहीत. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४ सालच्या संस्थेची, जी हानी झाली तिच्याविषयी ऐकताना मला सतत याच फरकाची जाणीव होत होती.

वह्या उन्हात वाळत घालू नका. कागद आखडतो आणि बांधणी सुटते. मोरचूद किंवा अन्य कोणतेही औषध शिंपडू नका. बंद वही हलकेच धरून स्वच्छ पाण्यात कडेचा गाळ धुऊन घ्या, मात्र शाई फुटत असेल तर पाणी लावूच नका. मग सावलीत, पंखा जवळ पण झोत अंगावर नाही अशा बेताने वही उभी ठेवा आणि दर दहा-बारा पानांनंतर कोरा टीपकागद घालून तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते.

एवढ्या वह्या एकदम हाताळणे शक्य नसेल तर त्या गोठवून ठेवता येतात. प्रत्येक वही मेणकागदात गुंडाळून पिशवीत घाला आणि आईस्क्रीम किंवा गोठवलेला भाजीपाला ठेवणाऱ्या शीतगृहात जागा मागा. नाशिकमध्ये द्राक्षांची शीतगृहे सहज मिळतील, परंतु त्यांचे तापमान शून्याच्या आसपास असते. तेथे बुरशी मंदावते, थांबत नाही. एकदा गोठल्या की वह्यांना महिने मिळतात आणि तेवढ्यात आपल्याला तज्ज्ञ व पैसा दोन्ही शोधता येतील. हाताळताना सर्वांनी तोंडावर मास्क व हातात मोजे घालावेत, कारण पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते.

विंगेतला (उत्तर)

मी मूळचा चिपळूणचा असून तीस वर्षे प्रकाशयोजना करतो आहे. आमच्या गावचे इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र २००५च्या पुरानंतर अनेक वर्षे बंद राहिले आणि त्या काळात वाढलेल्या मुलांना आपल्या गावात नाटक पाहायलाच मिळाले नाही. ती वास्तू नगरपालिकेची होती. आपल्या नाशिकचे कालिदास कलामंदिर हे नाट्यगृह महापालिकेचे असल्याने त्याचे नूतनीकरण स्मार्ट सिटीच्या कामांतून झाले. न्यासाच्या वास्तूला असा धनी नसतो, म्हणून अर्ज जितका नेमका असेल तितके बरे.

अंदाजपत्रकात ‘जसे होते तसे’ असे लिहू नका. विजेचे मुख्य पॅनेल, डिमर (दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारी यंत्रे) आणि ध्वनियंत्रणा माडीवर नेण्याचा खर्च आत्ताच धरा आणि वाचनालयही वर हलवा. रंगमंचाला प्लायऐवजी उचलून घेता येतील अशा सुट्या फळ्या घाला. विजेच्या तारांच्या इन्सुलेशनची तपासणी होऊन ठेकेदाराने लेखी दिल्याखेरीज एकही दिवा लावू नका. भिंतीतल्या नळ्यांमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे राहते.

दुसरे म्हणजे, वास्तू निळ्या पूररेषेच्या आत आहे का ते पाहा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नाशिकमध्ये २००८च्या महापुरानंतर या रेषांचा विषय सर्वांनाच परिचयाचा झाला आहे. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, त्यामुळे ‘पुनर्बांधणी’ असा शब्द अर्जात घालण्यापूर्वी वास्तुविशारदाशी आणि नगररचना विभागाशी बोला.

गोदाकाठचा विश्वस्त

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्रीच पॉलिसी काढून पाहिली. पूर समाविष्ट आहे. विमा कंपनीला ईमेल केला असून सर्वेक्षक परवा येणार आहेत. एकोणीस वह्या निघाल्या, त्यांपैकी सात घट्ट चिकटल्या आहेत. ताई, आपण सांगितल्याप्रमाणे त्या गुंडाळून एका परिचितांच्या आईस्क्रीमच्या गोदामात ठेवल्या आणि उरलेल्या बारा माडीवर उभ्या केल्या आहेत. वर्गातल्या मुली दर तासाला टीपकागद बदलत आहेत.

अनुसूची एकचा उतारा काढला. त्यावर पाच नावे असून त्यांतील दोन विश्वस्त दिवंगत झालेले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या दोघांची नावे लागलेलीच नाहीत, त्यांपैकी एक मी आहे. पूर्वी एकाने बदल अर्ज करतो म्हणून कागद नेले होते, ते तसेच राहिले. आता काय करावे?

हिशेबनीस

घाबरू नका, असे बहुतेक जुन्या न्यासांत आढळते. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम २२नुसार बदल अर्ज (विश्वस्तांतील बदल नोंदवण्याचा) ९० दिवसांत करावयाचा असतो. उशिराच्या माफीचा अर्ज सोबत जोडा, त्यात कारण खरेच लिहा, आणि दोन्ही मृत्यू दाखले, नेमणुकीचे ठराव व नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे लावा. तोपर्यंत अनुदानाच्या अर्जांवर नोंद असलेल्या तीन हयात विश्वस्तांनीच सह्या कराव्यात आणि तसा ठराव करून घ्यावा.

नेमणुकीचे मूळ ठराव त्या एकोणीस वह्यांपैकी एखादीत असतील. गोठवलेल्या सात वह्या कोणकोणत्या सालांच्या आहेत, हे गोदामात जाऊन पिशव्यांवर लिहून घ्या. हवी असलेली वही त्यांत असेल तर वरच्या ताईंना विचारल्याशिवाय ती बाहेर काढू नका.

कागदजतन

पिशवीवर साल लिहिताना पेन्सिल किंवा पक्क्या शाईचे पेन वापरा, आणि वही मुळीच उघडू नका; पाठीवर किंवा कव्हरवर साल दिसत असेल तेवढेच लिहा. ठरावाची वही गोठवलेल्यांत निघाली तर मला कळवा, मी स्वतः येऊन ती वितळवून उघडून देईन.

गोदाकाठचा विश्वस्त

ठराव वाळत ठेवलेल्या बारांपैकी एका वहीत सापडले. पान अजून दमट आहे, पण अक्षर स्वच्छ वाचता येते. छायाचित्र काढून ठेवले आहे.